वऱ्हाडाचा पट्टा कुणाच्या वहीत?

मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा, अशी वस्तू कुणाच्या वहीत लिहायची? हिशेबनिसाचा हा प्रश्न वरवर पाहता रुक्ष वाटतो. परंतु मराठवाड्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळू लागले की तो पुन्हा पुन्हा आडवा येतो. कधी गावाच्या महसुलाच्या रूपाने, कधी एका अख्ख्या प्रांताच्या रूपाने, कधी सातबाऱ्याच्या रकान्यातून, तर अलीकडे कंपन्यांच्या ताळेबंदातून. प्रत्येक वेळी असे दिसते की, नोंद कुणाच्या वहीत आहे यावर जबाबदारी कुणाची हे ठरते. आणि ज्याची नोंद नाही, त्याचा हक्कही हळूहळू पुसला जातो.

कंपन्यांच्या हिशेबात भाडेपट्ट्याच्या मालमत्तेची नोंद कशी करावी, याचे नियम २०१९ मध्ये आपल्याकडे मुळापासून बदलले. त्यावर सनदी लेखापालांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र ते नियम वाचताना नांदेड-लातूरच्या मातीतले जुने शब्द आठवत राहिले. या लेखात त्या शब्दांचा आणि त्यांच्या पाठीमागच्या व्यवहारांचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

१. बटई, ठोका आणि मक्ता

दुसऱ्याची वस्तू वापरण्याचे किती प्रकार आपल्या बोलीत आहेत ते पाहावे. शेत बटईने करतात, ठोक्याने करतात, खंडाने करतात. आमराई मक्त्याने घेतात. जुन्या कागदांत इजारा येतो, पट्टा येतो, कौल येतो. यांतले बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेले असले, तरी व्यवहार इथल्या मातीतला आहे.

या साऱ्या शब्दांच्या मुळाशी एक साधा भेद आहे. बटईत मालकाला पिकाचा वाटा मिळतो. पीक बुडाले तर वाटाही बुडतो. म्हणजे जोखीम दोघांची. ठोक्यात किंवा खंडात रक्कम आधी ठरते. पाऊस पडो न पडो, ती द्यावीच लागते. म्हणजे जोखीम कसणाऱ्याची. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आजच्या लेखामानकांतही नेमका हाच भेद निर्णायक ठरला आहे.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महसूलच इजाऱ्याने दिला जात असे. तालुकदार दरबाराला ठरावीक रक्कम कबूल करी आणि मुलखातून जमेल तेवढे वसूल करी. वरची रक्कम त्याची. पुढच्या साली दुसऱ्या कुणी जास्त बोली केली की पहिला जाई. अशा इजारदाराच्या वहीत गाव ही मालमत्ता नव्हतीच. होता तो एका सालाचा नफा. त्यामुळे विहीर बुजली, तळ्याचा बांध फुटला, रान ओस पडले तरी त्याच्या हिशेबात ती झीज कुठेच लागत नसे. दरबाराच्या दफ्तरातही ती लागत नसे, कारण तिथे फक्त कबूल केलेली रक्कम जमा होती. झिजत होती ती रयत आणि जमीन, आणि दोन्ही वह्यांत त्यांना खाते नव्हते.

सावकारी पेढ्यांनी याच्यावर आणखी एक मजला चढवला. पामर कंपनीने दरबाराला कर्ज दिले आणि महसुलावर हात ठेवला. पुढे पेस्तनजी मेहरजी यांच्या पारशी पेढीकडे वऱ्हाड आणि औरंगाबादकडचा महसूल कर्जापोटी लावून दिला गेला. औरंगाबादच्या टांकसाळीतून त्यांच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपयाही निघाला. १८४० च्या दशकात दरबाराने तो मुलूख परत घेतला आणि पेढी बुडाली. तारण कुणाच्या ताब्यात, उत्पन्न कुणाचे आणि कर्ज फिटले हे ठरवणार कोण, हे तीन प्रश्न तेव्हाच उभे राहिले होते. थोड्याच वर्षांत ते फार मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभे राहणार होते.

२. हिशेब देण्याचा करार

हैदराबाद कंटिंजंट ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज; खर्च मात्र निजामाचा. पगार थकत गेले, कंपनी सरकार ते भागवत गेले आणि निजामाच्या नावे कर्ज चढत गेले. डलहौसीने अखेर मुलूख मागितला. निजाम नासिरुद्दौला कायमचा मुलूख तोडून द्यायला तयार नव्हता. शेवटी मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिम सरहद्दीवरचा मुलूख, असा सुमारे ५० लाख रुपये अंदाजी उत्पन्नाचा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली ‘सोपवला’ गेला. तोडून दिला नाही, सोपवला.

हिशेबाच्या दृष्टीने हा तह फार बोलका आहे. इंग्रजांनी या मुलखाच्या उत्पन्नातून फौजेचा व ठरलेला इतर खर्च भागवावा, दरसाल खरा हिशेब निजामाला द्यावा आणि उरेल ती शिल्लक त्याच्या खजिन्यात भरावी, असे त्यात होते. आपल्या गावातल्या भाषेत हे ताबेगहाण झाले. जमीन मालकाचीच, धनको ती कसून आपले देणे वळते करून घेणार आणि जमाखर्च दाखवणार. मालमत्ता निजामाच्या वहीत, ताबा इंग्रजांकडे आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे वार्षिक हिशेब.

धाराशिव-नळदुर्गच्या या मुलखाचा कारभार मेडोज टेलर याच्याकडे आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे तो इंग्रजी वाचकांना आधीच माहीत होता. नळदुर्गात राहून त्याने जमिनीची मोजणी, रस्ते, तलाव अशी कामे हाती घेतली. इजारदाराला झीज दिसत नव्हती. इथे निदान जमिनीची मोजदाद सुरू झाली. पण या सुधारणांचा खर्चही त्याच मुलखाच्या उत्पन्नातून वजा होणार होता. खर्च किती करायचा हे ताबेदाराने ठरवायचे आणि शिल्लक किती उरली हेही त्यानेच सांगायचे, ही या कराराची मूळची खोट होती. हिशेब तपासण्याची सोय नसेल तर ‘शिल्लक’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

तह झाला त्याच महिन्याच्या अखेरीस चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला. इजारदारी मोडून सरकारी नोकरांकरवी महसूल गोळा करणे, १८६५ ची जिल्हाबंदी, दफ्तराची शिस्त ही त्याची कामगिरी प्रसिद्ध आहे. आपल्याच राज्यातला इजारा मोडणाऱ्या या माणसाची हयात मात्र एका मोठ्या पट्ट्याचा हिशेब मागण्यात गेली.

३. हिशेब न मागण्याचा करार

१८५७ मध्ये हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची बक्षिसी म्हणून डिसेंबर १८६० मध्ये नवा करार झाला. धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज रद्द झाले, सुरापूरचा मुलूख मिळाला. धाराशिवकडची गावे सात वर्षांनी निजामाच्या अमलाखाली परत आली ती अशी. परंतु याच करारात एक कलम होते: सोपवलेल्या मुलखाच्या मागच्या, चालू वा पुढच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागू नये. शिल्लक उरली तर इंग्रज ती देतील. पण खर्च किती, हे त्यांच्या मर्जीवर.

कर्ज रद्द झाले, म्हणजे ज्या थकबाकीसाठी मुलूख मागितला गेला होता ती फिटली. तरी वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले, कारण फौजेचा चालू खर्च होताच. वाचकांनी हा बदल नीट पाहावा. १८५३ मध्ये निजाम हिशेबाचा हक्कदार होता. १८६० नंतर तो फक्त शिल्लकेची वाट पाहणारा झाला. मालकी कागदावर तशीच राहिली, पण मालकीला अर्थ देणारी वहीच त्याच्या हातून गेली.

आणि नेमके तेव्हाच वऱ्हाडाचे मोल वाढत होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्यांचे लक्ष गेले. रेल्वे आली, खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा फुलल्या. पैनगंगेच्या अलीकडे माहूर-हदगावच्या बाजूला निजामाचा अंमल आणि पलीकडे यवतमाळकडे इंग्रजांचा, असे चित्र होते. दोन्ही काठांवर भाषा मराठीच. पण एका काठावरचा महसूल हैदराबादच्या वहीत थेट जमा होई आणि दुसऱ्या काठावरचा खर्च-वजावटीच्या चाळणीतून जाई.

सालारजंगाने १८७२ पासून वऱ्हाड परत मागण्याचा पिच्छा पुरवला. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून मोठी रक्कम ठेव म्हणून देऊ, तिच्या व्याजातून फौज चालवा आणि मुलूख परत करा, असा त्याचा प्रस्ताव होता. १८७६ मध्ये तो विलायतेलाही जाऊन आला. दरवर्षाच्या देण्याचे आजचे मोल काढून ते एकरकमी चुकते करणे, ही आज वित्तशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकवली जाणारी गोष्ट सालारजंग मांडत होता. हिशेब बरोबर होता; समोरच्याला सोडायचे नव्हते. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा वऱ्हाड होते तिथेच होते.

४. पंचवीस लाखांचा कायमचा खंड

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन स्वतः हैदराबादला आला आणि निजाम महबूब अली खान याच्याशी बोलला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने दिले गेले. खंड दरसाल २५ लाख रुपये. निजामाचे सार्वभौमत्व करारात मान्य होते. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि कंटिंजंट फौज हिंदी सैन्यात विरून गेली. ज्या फौजेसाठी मुलूख घेतला ती फौज संपली, मुलूख राहिला.

आता आपला भेद लावून पाहू. १८६० ची व्यवस्था बटईसारखी होती: शिल्लक उरली तर वाटा. १९०२ ची व्यवस्था ठोक्याची: रक्कम ठरलेली. बटईत निजामाची फसगत झाली, कारण खळ्यावर धान्य मोजायला त्याचा माणूस नव्हता. ठोक्यात ती भीती गेली, पण दुसरी आली. रक्कम कायमची गोठली. महागाई वाढो, कापूस तेजीत जावो, २५ लाख ते २५ लाखच.

या खंडाचे मोल किती धरावे? कायम मिळणाऱ्या रकमेचे आजचे मोल काढायची रीत सोपी आहे: वार्षिक रकमेला व्याजदराने भागावे. साडेतीन टक्के धरले तर २५ लाखांच्या कायम खंडाचे मोल सुमारे ७ कोटी १४ लाख येते. पाच टक्के धरले तर ५ कोटी. व्याजदर दीड टक्क्याने हलला की वऱ्हाडची किंमत दोन कोटींनी हलते. शिवाय खंड कलदार रुपयांत, तर हैदराबादचा व्यवहार हाली सिक्क्यात. सात हालीला सहा कलदार या पुढे स्थिरावलेल्या दराने २५ लाख कलदार म्हणजे सुमारे २९ लाख १७ हजार हाली. पट्टा एक, पण दोन वह्यांत आकडे दोन.

पण खरा पेच आकड्याचा नव्हता, खात्याचा होता. आजच्या लेखामानकाच्या भाषेत विचारायचे तर: वस्तूची जवळजवळ सारी जोखीम आणि सारा लाभ वापरणाऱ्याकडे गेला असेल, तर मालकाने ती वस्तू आपल्या वहीतून काढून तिच्या जागी ‘येणे’ लिहायचे. पट्टा कायमचा आहे म्हटल्यावर वऱ्हाडच्या बाबतीत हेच झाले असे इंग्रज मानत होते. त्यांच्या लेखी निजामाकडे वऱ्हाड नव्हते. वऱ्हाडच्या खंडाचे येणे होते. निजामाच्या लेखी मात्र वऱ्हाड त्याचेच होते, फक्त भाड्याने गेलेले.

हा वाद १९२३ मध्ये उघड झाला. निजाम उस्मान अली खान याने वऱ्हाड परत मागणारे लांबलचक पत्र लिहिले आणि परत मिळाल्यास वऱ्हाडला स्वायत्त कारभार देण्याची तयारी दाखवली. व्हाइसरॉय रीडिंगचे मार्च १९२६ चे उत्तर संस्थानी इतिहासात गाजले. इंग्रज सत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तेव्हा बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करण्याचा प्रश्नच येत नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे पट्ट्याच्या अर्थावर वाद झाला तर निवाडा भाडेकरूच करणार! १९३६ च्या करारात तडजोड झाली: निजामाला ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ ही पदवी, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब, आणि खंड तोच २५ लाख. मालमत्ता पदवीत लिहिली गेली. ताबा होता तिथेच राहिला.

या साऱ्या व्यवहारात वऱ्हाडच्या रयतेला कुणी विचारले नाही, हेही नोंदवले पाहिजे. निजामाचा दावा न्याय्य होता असे म्हटले, तरी वऱ्हाडची माणसे ही काही पट्ट्याची सामग्री नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि मालक व भाडेकरू अशी दोन्ही खाती एकाच वहीत मिटली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि पैनगंगेचे दोन्ही काठ शंभर वर्षांनी एका महसुली दफ्तरात लागले.

५. कंपन्यांची झाकलेली देणी

आता कंपन्यांकडे वळू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमाने, यंत्रे, दुकाने भाडेपट्ट्याने घेण्याची पद्धत जगभर वाढली. तिच्यातली एक गोम अशी होती की, यंत्र कर्ज काढून घेतले तर ताळेबंदात कर्ज दिसते; तेच यंत्र भाड्याने घेतले तर फक्त वर्षाचे भाडे खर्चात दिसते. म्हणून करार असे बेतले जाऊ लागले की वस्तू वापरायची, पण वहीत यायला नको. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे अध्यक्ष डेव्हिड ट्वीडी थट्टेने म्हणत की, एखाद्या विमान कंपनीच्या ताळेबंदात असलेल्या विमानातून मरण्यापूर्वी एकदा तरी प्रवास करायचा आहे. थट्टेमागचे आकडे मोठे होते. जगातल्या नोंदणीकृत कंपन्यांची भाडेपट्ट्याची देणी सुमारे ३.३ लाख कोटी डॉलर आणि त्यांतली ८५ टक्क्यांहून अधिक ताळेबंदाबाहेर, असा त्या मंडळाचा २०१६ चा अंदाज होता.

भारतात १ एप्रिल २००१ पासून लेखामानक १९ लागू झाले. त्यात भाडेपट्ट्याचे दोन वर्ग होते: जोखीम-लाभ घेणाऱ्याकडे जात असतील तर वस्तू त्याच्या ताळेबंदात, नाहीतर नुसते भाडे खर्चात. १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांसाठी भारतीय लेखामानक ११६ आले आणि वापरणाऱ्यापुरता हा भेद बहुतांशी संपला. बारा महिन्यांपर्यंतचे आणि किरकोळ किमतीचे करार सोडले, तर भाड्याची प्रत्येक वस्तू आता वहीत यावी लागते.

लातूरकडचे उदाहरण घेऊ. समजा, डाळमिलसाठी एक यंत्र पाच वर्षांच्या पट्ट्याने घेतले. दर वर्षअखेरीस १ लाख रुपये द्यायचे आणि व्याजदर १० टक्के. पाच हप्त्यांचे आजचे मोल ३,७९,०७९ रुपये येते. पहिल्या दिवशी रोजकीर्दीत नोंद होते: ‘वापरहक्काची मालमत्ता’ नावे ३,७९,०७९ आणि ‘भाडेपट्ट्याचे देणे’ जमा तेवढेच. पहिल्या वर्षाच्या शेवटी देण्यावर ३७,९०८ रुपये व्याज लागते. दिलेल्या १ लाखातून ते वजा जाता ६२,०९२ रुपयांनी देणे कमी होऊन ३,१६,९८७ उरते. मालमत्तेवर दरसाल ७५,८१६ रुपये घसारा. म्हणजे पहिल्या वर्षीचा खर्च १,१३,७२४ आणि पाचव्या वर्षीचा सुमारे ८४,९००. पाच वर्षांची बेरीज ५ लाखच. पण देणे पहिल्या दिवसापासून उघडे. लपवायला जागा राहत नाही.

या मानकात आपला जुना भेद पुन्हा भेटतो. ठरावीक भाडे देण्यात धरायचे. पण विक्रीवर किंवा उत्पन्नावर अवलंबून असलेले भाडे देण्यात धरायचे नाही, ते ज्या त्या वर्षी खर्चात टाकायचे. ठोका ताळेबंदात, बटई बाहेर! १८६० ची शिल्लक आणि १९०२ चा खंड यांच्यातला फरक मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण व्यवहाराचे तर्क सारखेच असतात.

आणखी एक गोष्ट. लेखामानक १९ च्या कक्षेतून जमिनीचे पट्टे वगळलेले होते. औद्योगिक वसाहतीतला भूखंड उद्योजकाला ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो. म्हणजे दोन-तीन पिढ्यांचा ताबा. त्याला हे मानक लागूच होत नव्हते. यंत्राचा पट्टा मोजायचा आणि जमिनीचा सोडून द्यायचा, ही विसंगती नव्या मानकाने दूर केली. पण ते मोठ्या कंपन्यांना बांधील आहे. लहान डाळमिल किंवा सहकारी संस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

६. ज्याची नोंद नाही तो

सर्वांत मोठी अनोंद मात्र शेतातच आहे. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० ने मराठवाड्यात संरक्षित कूळ निर्माण केले. कसणाऱ्याचे नाव दफ्तरात यावे, हा त्या कायद्याचा प्राण. १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक आजही जमिनीच्या वादात सर्वांत आधी काढले जाते, ते याचसाठी. एका नोंदीने कुणाला जमीन मिळाली, एका नोंदीच्या अभावाने कुणाची गेली.

पण नोंदीला एवढी ताकद आली म्हणूनच मालक नोंद टाळू लागला. बटईदाराचे नाव कागदावर आले तर उद्या तो कूळ म्हणून उभा राहील, ही धास्ती. म्हणून आज नांदेड-लातूर भागात बटईचे आणि ठोक्याचे बरेचसे करार तोंडी होतात, एका सालापुरते होतात, आणि सालोसाल माणूस बदलला जातो. विमान कंपन्या देणे झाकण्यासाठी करार बेतत होत्या. इथे मालक हक्क झाकण्यासाठी करार बेततो. दोन्हीकडे युक्ती एकच: वापर चालू राहू द्यायचा, वहीत येऊ द्यायचा नाही.

त्याची किंमत बटईदार मोजतो. पीककर्ज सातबारा ज्याच्या नावे त्याला. अतिवृष्टीचे अनुदान त्याच्याच खात्यात. पीकविम्यात कुळांना आणि बटईदारांना भाग घेता येतो, पण कराराचा कागद लागतो, आणि तो कागदच नसतो. बी-खत, मजुरी, उसनवार हे सारे कसणाऱ्याच्या अंगावर. नुकसानभरपाईची नोंद दुसऱ्याच्या पासबुकात. निती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला. मालकाची मालकी निर्विवाद राहील आणि कसणाऱ्याला मुदतीपुरती मान्यता मिळेल, असा त्याचा आशय. म्हणजे मालमत्ता एकाच्या वहीत, वापरहक्क दुसऱ्याच्या वहीत आणि दोन्ही उघड. कंपन्यांना जे २०१९ मध्ये लावले तेच.

निजामाला वऱ्हाडची मालकी होती, पण हिशेबाची वही नव्हती. म्हणून मालकी पोकळ झाली. बटईदाराच्या हाती ताबा आहे, पण वहीत ओळ नाही. म्हणून ताबा पोकळ आहे. मालकी आणि ताबा यांच्यामध्ये जे नाते असते ते कागदावर आल्याशिवाय दोघांपैकी दुबळ्याचे संरक्षण होत नाही, एवढे या दोनशे वर्षांवरून म्हणता येते. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला मोंढ्यातल्या पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होईल. त्या वह्यांत सोयाबीन आणि तूर कुणाच्या नावे जमा होते आणि प्रत्यक्षात कुणी पिकवलेली असते, हे एकदा ताडून पाहायला हरकत नाही.